पाचवा खडा

१

पुंडलिकनगरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, आणि त्या दिवशी तिथं कुणी कुणाकडं पाहुणं जात नाही. गेलंच तर चहासुद्धा मिळायचा नाही, कारण घरातलं माणूस न् माणूस मोटर, पाइप आणि पिंपांच्या मागं धावत असतं. मग पुढचे सात दिवस त्या पाण्याची जेवढी जपणूक होते, तेवढी घरातल्या म्हाताऱ्यांचीही होत नाही.

वच्छलाबाई या बाबतीत साऱ्या गल्लीच्या पुढं. ओसरीखाली त्यांचा हौद, हौदावर लोखंडी झाकण, आणि शेजारी भिंतीला टेकवलेली एक वेळूची काठी. त्या काठीवर त्यांच्या लेकीनं, तनुजानं, लग्नाआधी कधीतरी नेलपॉलिशनं आठ लाल रेघा मारून दिल्या होत्या. दिवसाला एक रेघ. सकाळी चहाच्या आधी काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं, आणि जास्तच खाली गेली असली तर नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. नवरा, कारभारी, हे पाटबंधारे खात्यात उभा जन्म कालव्याची पातळी मोजून रिटायर झालेले. पण घरच्या हौदाची काठी बाईंनी त्यांना कधी हातात धरू दिली नव्हती.

राजस्थानच्या सहलीहून येऊन बाईंना पाच दिवस झाले होते. आल्या त्याच दिवशी पाणी सुटलं होतं आणि हौद गळ्यापर्यंत भरला होता. म्हणजे आज वरच्या पाच रेघा कोरड्या निघायला हव्या होत्या. बाईंनी काठी बुडवली, वर काढली, आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. आठही रेघा ओल्या होत्या.

त्यांनी काठी पदरानं पुसली, पुन्हा बुडवली. पुन्हा तेच.

"अहो, रात्री नळाला पाणी आलं व्हतं का?"

"आपल्या नळाला? सपान पडलं का तुला?" कारभारी पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"मग हौद कसा भरला?"

कारभारी उठून आले, वाकून बघितलं, डोकं खाजवलं. "कुणाची तरी लाइन फुटली असंल जमिनीत. झिरपतंय आपल्याकडं. गप ऱ्हा, कुणाला सांगू नको. सांगितलं की लगेच दुरुस्त करतील."

बाईंना हसू आलं. त्या दिवशी त्यांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा ओसरी धुतली.

२

सहल भजनी मंडळाच्या बायकांची होती. नाथद्वारा, मग उदयपूर, आणि परत. उदयपूरला पोचल्या तो दिवस नेमका चैत्रातल्या तृतीयेचा. तळ्याकाठी जत्रा लोटली होती. बोळाबोळांतून बायका डोक्यावर गौरी घेऊन घाटाकडं चालल्या होत्या, जरीचा गोटा लावलेले घागरे, कोपरापर्यंत मेंदी, आणि एकच गाणं सगळ्यांच्या तोंडी. घाटाच्या पुढं पाणीच पाणी, त्या पाण्यात पांढरे महाल. एवढं पाणी एका जागी बघून आपल्या मंडळाची बोलतीच बंद झाली. शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या, "एक पाइप टाकून नेता येईल का गं गावाकडं?" तेव्हा कुठं सगळ्या हसल्या.

वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मनाला वेगळंच टोचत होतं. आपल्याकडं याच दिवशी गौर बसते. अन्नपूर्णेला पाळण्यात मांडायचं, महिनाभर माहेरवाशीण म्हणून तिचे लाड करायचे, अक्षय तृतीयेला पाठवणी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा या दिवशी घरचा पाळणा रिकामा होता. आणि इथं ह्या बायका तिला आजच पाठवत होत्या. पायऱ्यांवर बसून मातीच्या लहान लहान गौरी पाण्यात सोडत होत्या. काही जणी तर खरोखरच रडत होत्या.

बाईंना गलबलून आलं. पाण्याशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, इथनं निघालीसच तर आमच्याकडं ये. पाळणा मोकळाच हाय. माझी तनू येतीय बाळंतपणाला, दोघी मिळून ऱ्हावा."

मग हाताला जी सवय होती ते हातानं केलं. आपल्याकडं मूर्ती बुडवली की त्याच पाण्यातले पाच खडे पाटावर घालून घरी आणतात आणि धान्यात टाकतात, म्हणजे बरकत राहते. फक्त ते आपल्या घरच्या मूर्तीमागं आणायचे असतात. बाईंनी पाण्याखालची पायरी चाचपून पाच खडे उचलले, आणि मूर्ती कुणाची, घर कुणाचं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं बाईंची मूठ धरली, उघडून बघितली आणि विचारलं, "घर में कौन है?"

"लडकी," बाई म्हणाल्या.

म्हातारी खडे काढून घ्यायला बघू लागली. बोटांत तिच्या चांगलाच जोर होता. परक्याला नेऊ देत नसतील, असं बाईंना वाटलं. त्यांनी मूठ मिटली. तेवढ्यात द्वारकाबाईंनी वरून हाक मारली, गाडी सुटतेय म्हणून.

घरी आल्यावर धान्याच्या कोठीसमोर त्या क्षणभर थांबल्या. गहू भरपूर होते. या घरात तूट कशाची होती, तर पाण्याची. त्यांनी पाचही खडे हौदात टाकले.

३

तनुजा आली ती आठव्या महिन्यात. जावई सुदर्शन पुण्याहून सोडायला आले आणि नोकरीसाठी दुसऱ्या दिवशी परत गेले. "सांभाळा," एवढंच म्हणाले. पहिलं बाळंतपण, तेही लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, दोन वेळा पोट पडल्यावर. बाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि लेकीला तळहातावर झेलायला सुरुवात केली. पाणी असं भरपूर, त्यामुळं तर जोरच आला. रोज न्हाणं, रोज धुणं, दारात सडा. काठी मात्र त्या रोज बुडवत होत्या, आणि रोज आठही रेघा ओल्या येत होत्या. आनंद व्हायला हवा होता. पण काठी पुसताना त्यांचा हात आता जरा घाईनं फिरायचा.

गुरुवारी इलियास टँकर घेऊन आला. गल्लीला वर्षानुवर्षं तोच पाणी घालतो. त्यानं झाकण सरकवलं, पाइप सोडायला गेला आणि थांबला.

"क्या मावशी, हौद तो पूरा भरेला है. मेरेकू कायकू बुलाए?"

"राहिलं बाबा सांगायचं."

इलियासनं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं. वीस वर्षं त्यानं विहिरींचं, बोअरचं, धरणाचं पाणी वाहिलेलं. "ये नल का नहीं. बोअर का बी नहीं." त्यानं ओंजळ ओतून टाकली आणि हात पँटला पुसले. "तलाव का पानी है, मावशी. जुन्या तळ्याचं. इथं तळं कुठं आलं?"

बाईंनी लाइन फुटल्याचं सांगितलं. तो बरं म्हणाला, पण जाताना त्यानं झाकण पायानं नीट बसवलं, आणि बसलं का ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

त्याच दुपारी बाई भांडी घासून बाहेर आल्या, तर तनुजा त्या झाकणावर मांडी घालून बसलेली. चैत्रातलं ऊन, दुपारचे दोन, ओसरीवर पाय ठेववत नव्हता.

"अगं, भाजंल की."

"नाय आई, गार हाय. हात लावून बघ."

बाईंनी हात लावला. लोखंड गार होतं, माठासारखं. तनुजा पोटावर हात फिरवत काहीतरी गुणगुणत होती. चाल ओळखीची वाटली. कुठली ते आठवायला बाईंना जरा वेळ लागला. उदयपूरच्या बोळांतली ती चाल होती.

"हे कुठं ऐकलंस तू?"

"इथंच," तनुजा म्हणाली आणि झाकणावर टकटक केलं. मग हसली. "गंमत केली गं. द्वारकामावशीनं व्हिडिओ पाठवला नसंल का ग्रुपवर?"

पाठवला असेल. बाईंनी द्वारकाबाईंना विचारायचं ठरवलं, आणि चार दिवस विचारलं नाही.

४

शुक्रवारी गौरीचं हळदीकुंकू. पाळण्यात सहलीहून आल्यावर मांडलेली अन्नपूर्णा, पुढं कलिंगड, कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे. गल्लीतल्या बावीस जणी आल्या. ओसरीवर ओळीनं बसल्या, तनुजा शेवटी झाकणावर. पन्हं पिता पिता एक जण म्हणाली, "बर्फ लई टाकलाय गं वच्छलाबाई." बाईंनी बर्फ टाकलाच नव्हता. पन्हं हौदातल्या पाण्याचं होतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांच्या हाताला चंदन लावतात आणि ते ओलं असतानाच शिंपला ओढून त्यावर रेघा काढतात. बाई वाटी घेऊन ओळीनं निघाल्या. अशा वेळी तोंडाकडं कोण बघतं? हात पुढं येतो, चंदन लावायचं, शिंपला ओढायचा, पुढचा हात. शेजारच्या निशाचा हात, तिच्या सासूचा हात, बांगड्यांचा, बिनबांगड्यांचा. मग एक हात आला, मेंदीनं गच्च रंगलेला, आणि खूप वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी पांढरी पडून चुरगळते तसा. गार होता. बाईंनी चंदन लावलं. शिंपला ओढला. कुणी बाई एवढी धुणी करते, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग मेंदीचा विचार आला, आणि त्यांनी मान वर केली.

समोर तनुजा होती. दोन्ही हात पोटाशी गुंफलेले.

"माझं राह्यलं की, आई," ती म्हणाली.

बाईंनी तिचे हात उलटसुलट करून बघितले. मेंदी नव्हती, चंदन नव्हतं, कोरडे होते. बाकीच्या बायका बोलत होत्या, हसत होत्या, कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. बाईंनी लेकीच्या डाव्या हाताला चंदन लावलं. शिंपला ओढताना त्यांची नजर झाकणाकडं वळली आणि रेघ वाकडी गेली.

आत येऊन त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. ऊन लागलं असेल, उपास होता, बावीस जणींचं करायचं म्हणजे डोळ्यांपुढं अंधारी येते. हे सगळं खरं होतं. पण बोटांना लागलेला तो गारवा धुतला तरी जाईना.

५

सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरीणबाई पडद्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"बाळ ठीक आहे. पण बाळाभोवतीचं पाणी वाढलंय. प्रमाणापेक्षा जास्त. आठ दिवसांनी पुन्हा बघू. मध्ये काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या, थांबू नका."

"का वाढलं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"प्रत्येक वेळी कारण सापडत नाही."

घरी आल्यावर कारभारी म्हणाले, "होतं काही जणींना. एवढं घाबरायचं कारण नाय." मग त्यांनी बाटलीबंद पाण्याचे दोन मोठे जार मागवले. आपल्याला काही म्हणायचं नाही, असा चेहरा करून त्यांनी ते स्वयंपाकघरात ठेवले. तनुजानं त्यातलं एक फुलपात्र प्यायलं आणि लगेच ओकली. तिला हौदातलंच चालत होतं. दिवसाला दोन तांबे, मग चार.

आठ दिवसांनी पाणी आणखी वाढलेलं निघालं.

वच्छलाबाईंना आता सरळ भीती वाटत होती. दोन वेळा रिकाम्या हातानं दवाखान्यातून आलेली ही पोरगी, तिसऱ्या वेळी तीच आली नाही तर? त्यांना घाटावरच्या म्हातारीची बोटं आठवली, तिचा प्रश्न आठवला. लाइन फुटली असेल, व्हिडिओ आला असेल, ऊन लागलं असेल. पण त्या गौरीला घरी ये असं तोंडानं कुणी म्हटलं होतं?

"बोलावलं मी," त्या दिवशी बाई पाळण्यापुढं बसून म्हणाल्या, "पाठवणीबी मीच करीन." अक्षय तृतीया तीन दिवसांवर होती.

६

अक्षय तृतीयेला सकाळी नऊला इलियास रिकामा टँकर घेऊन आला. हौद उपसायचा म्हटल्यावर तो बाईंकडं बघतच राहिला. या दिवसांत पाणी उपसून टाका म्हणणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. त्यानं मोटर लावली.

टँकर भरला. हौद निम्माही उतरला नव्हता. इलियास जाऊन रिकामा करून आला, पुन्हा भरला.

"हौद किती लिटरचा, चचा?"

"तीन हजार," कारभारी म्हणाले.

"और मेरा टँकर पाच का."

बाईंनी भिंतीची काठी उचलून कारभाऱ्यांच्या हातात दिली, लग्नाच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ते ती धरून उभे राहिले, पण मोजायला वाकले नाहीत.

साडेअकराला तिसरा टँकर भरत आला, तेव्हा तळ दिसला. इलियास शिडी लावून मोबाइलच्या उजेडात खाली उतरला. पाच खडे शोधायचे, त्याला एवढंच सांगितलं होतं. बराच वेळ गेला. कारभाऱ्यांनी हाक मारली. त्याची ओ आली ती लांबून आली.

वर आला तेव्हा तोंड उतरलेलं. त्यानं मूठ उघडली. चार खडे.

"पाचवा?" बाई म्हणाल्या.

"मावशी, मेरेकू परत उतरायला सांगू नका."

"का रे?"

"नीचे पायऱ्या हैं."

"कसल्या पायऱ्या?" कारभारी म्हणाले. "माझ्यासमोर बांधलाय हा हौद. खाली सपाट कोबा हाय."

"हौ चचा. कोबा है. उसके बाद पायऱ्या हैं." त्यानं पाइप गुंडाळला, बाईंनी पुढं केलेला चहा घेतला नाही, आणि गेला.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि आत वाकल्या. कोबा दिसला. कोब्याच्या कडेला, जिथं भिंत हवी, तिथं एक दगडी पायरी होती. तिच्याखाली दुसरी. तिसरीला पाणी लागत होतं. आणि तिसरीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, किंवा भिजलेल्या कापडाचा बोळा पडला होता, जरीच्या गोट्याच्या किनारीचा. तो हलतोय का ते बघायला बाई थांबल्या नाहीत. दोघांनी मिळून झाकण ओढलं.

"पाचवा शोधताय?" तनुजा दारात उभी होती. "तो मी खाल्ला."

"खाल्ला?"

"आले त्याच आठवड्यात. बादलीत आला वर. खडा नव्हता आई, माती होती. भाजलेली. मला डोहाळे नाय का मातीचे." ती अगदी साधेपणानं सांगत होती. "नाक होतं त्याला. बारीकसं. गोड लागला."

७

पोटुशा बायका माती खातात. पाटीवरची पेन्सिल खातात, चुलीतली राख खातात. वच्छलाबाईंनी स्वतः तनुजाच्या वेळी भिंतीचे पोपडे खाल्ले होते. हे सगळं मनाशी म्हणत त्यांनी पाठवणीची तयारी केली. अन्नपूर्णा पाळण्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवली. खणात चार खडे बांधले, वर दहीभात, तांदूळ, नारळ. कारभारी हर्सूलच्या तलावात सोडून येणार होते. त्यांनी फाटकापाशी स्कूटर काढली. फाटकापर्यंत बाईंनी गाठोडं नेऊन दिलं आणि परत येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, बाहेर तोंड करून.

निघणारी बाई "येते" म्हणते. निरोप देणारी "ये" म्हणते. "जा" असं आपल्याकडं कुणी कुणाला म्हणत नाही, पोटच्या लेकीला नाही आणि गौरीला तर नाहीच. पण बाईंनी तीन दिवस घोकून ठेवलं होतं. एकदा चुकून "ये" म्हटल्यानं हे सगळं झालं होतं.

"जा बाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "लई दिवस राह्यलीस. आता जा."

"बरं," मागून तनुजा म्हणाली.

बाईंनी वळून बघितलं. तनुजा खुर्चीतून उठली होती. डोक्यावरून पदर घेतला होता. ती कधी घेत नसे. त्यांच्या अंगाला घासून ती उंबरा ओलांडून गेली, तेव्हा ओल्या मातीचा वास आला. ओसरीवर थांबून ती एवढ्या अवघडलेल्या अंगानं वाकली आणि आईच्या पाया पडली.

"येते, आई."

"तनू, कुठं निघालीस?"

"तूच म्हणालीस ना."

बाईंनी तिचं मनगट धरलं. गार होतं. बोटांखाली काहीतरी ओलसर लागलं. तिच्या उजव्या हातावर चंदन होतं, आत्ता लावल्यासारखं ओलं, आणि त्यावर शिंपल्याच्या सरळ रेघा. बाईंनी लेकीच्या डाव्या हाताला लावलं होतं. वाकडी रेघ होती ती.

फाटकात कारभाऱ्यांनी स्कूटर चालू केली. "काय झालं गं?" ते ओरडून विचारत होते. ओसरीखाली पाणी चढत असल्याचा आवाज येत होता, एकेक पायरी. तनुजा हात सोडवून घेत नव्हती, ओढतही नव्हती. आईनं काय ते बोलावं म्हणून ती वाट बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. पोटावरचा पदर आतून एकदा हलला, बाळानं पाय मारल्यासारखा.

पुन्हा "जा" म्हटलं तर हा हात जाणार होता. बाईंना ते लख्ख कळलं, आणि पुढचा विचार त्यांनी केला नाही.

"ये," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "आत ये, बाई. ऊन लई हाय. मी रागावले व्हते उगीच. दोघी मिळून ऱ्हावा."

तनुजा वळली. वच्छलाबाई दाराच्या चौकटीला अंग चोरून उभ्या राहिल्या, आणि दोघींना आत जाता येईल एवढी जागा त्यांनी करून दिली.